दाखल अंकापासून निर्लेखनापर्यंत

१९१० साली विल्यम बॉर्डन नावाचा एक अमेरिकन ग्रंथपाल न्यू हेवनहून बडोद्याला आला. त्याला बोलावून घेणारे सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे, शेतकऱ्याच्या घरातून दत्तक गेलेले. १९०६ साली त्यांनी आपल्या सबंध संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. शाळेतून बाहेर पडलेल्या या मुलांनी पुढे वाचायचे काय, हा प्रश्न आता दारात उभा होता, आणि अमेरिकेच्या दौऱ्यात पाहिलेली तिथली सार्वजनिक ग्रंथालये त्यांच्या डोक्यातून गेली नव्हती. बॉर्डन तीन वर्षे राहिला आणि १९१३ मध्ये परत गेला. तेवढ्या मुदतीत मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावच्या वाचनालयांची साखळी आणि ग्रंथपालांचा प्रशिक्षण वर्ग उभा राहिला. ड्युई आणि कटर या अमेरिकन ग्रंथपालांच्या पद्धतींची सांगड घालून बडोद्याचे स्वतःचे वर्गीकरण तयार झाले. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत मजकूर छापणारे ‘लायब्ररी मिसलेनी’ हे नियतकालिक निघाले. शिवाय पुस्तकांनी भरलेल्या कुलूपबंद लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या.

ग्रंथालयांच्या इतिहासात या पेट्यांचा उल्लेख हमखास येतो. पण पेटीची कडी कशी होती, झाकणाच्या आत काय चिकटवलेले असायचे, परत येणाऱ्या पुस्तकांबरोबर गावकऱ्यांची एखादी चिठ्ठी यायची का, असे विचारले की जाणकारही एकमेकांकडे पाहतात. बडोद्याच्या ग्रंथालयातली अमेरिकेतल्या स्नीड कंपनीची लोखंडी कपाटे आणि काचेची जमीन पाहायला लोक जातात. वास्तूचे नशीब बरे असते, ती जागची हलत नाही. पेटी हलते, रिकामी होते, कुणाच्या तरी घरी जाते आणि तिथे ती निव्वळ पेटी उरते.

ग्रंथालय दुसऱ्यांनी लिहिलेले जिवापाड सांभाळते आणि स्वतः लिहिलेले रद्दीत घालते. प्रस्तुत पुस्तक या रद्दीत जाणाऱ्या ऐवजाविषयी आहे. सभासद कार्डे, वर्गणीच्या पावत्या, देवघेवीच्या नोंदवह्या, रबरी शिक्के, वार्षिक अहवाल, सुवर्णमहोत्सवी स्मरणिका, व्याख्यानमालांची हस्तपत्रके, ‘शांतता राखा’च्या पाट्या आणि पुस्तक वेळेवर परत न करणाऱ्याला पाठवलेली तगाद्याची पोस्टकार्डे, असा हा सगळा पसारा आहे. यातली कुठलीच वस्तू टिकावी म्हणून केलेली नव्हती. काम झाले की तिचे प्रयोजन संपत होते.

अमेरिकेत असल्या वस्तू जमवण्याचा छंद केव्हाच वयात आला. १८७६ साल तिथे तिहेरी महत्त्वाचे: त्या साली मेल्विल ड्युईची दशांश पद्धत छापून आली, अमेरिकन लायब्ररी असोसिएशनची स्थापना झाली आणि ग्रंथालयांना कार्डे, कपाटे व सटरफटर सामान पुरवण्याचा उद्योगही सुरू झाला. हाच उद्योग पुढे ‘लायब्ररी ब्युरो’ या नावाने फोफावला. तालिका कार्डाचे माप ठरले साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटर. आपल्याकडच्या ग्रंथालयांत खण भरून असलेली ‘पाच बाय तीन’ची कार्डे म्हणजे तेच माप. पेन्सिलीच्या टोकाला तारखेचा इवलासा शिक्का बसवण्याची युक्तीही तिकडचीच. उद्योगपती कार्नेगींच्या देणगीतून अमेरिकेत १६७९ ग्रंथालय-इमारती उभ्या राहिल्या. त्यांतल्या बहुतेकींची चित्र-पोस्टकार्डे निघाली आणि पोस्टकार्डे निघाली म्हटल्यावर ती जमवणारेही निघाले.

या हौसेला शिस्त लावली नॉर्मन स्टीव्हन्स या ग्रंथपालाने. ग्रंथालयांच्या हजारो पोस्टकार्डांचा संग्रह त्याने केला, तो पुढे माँट्रियलच्या वास्तुकला केंद्राकडे दिला आणि १९८६ साली अशा वस्तू कशा जमवाव्यात यावर एक मार्गदर्शिकाच लिहिली. या साऱ्या ऐवजाला तिकडे ‘लायब्रेरियाना’ म्हणतात. ग्रंथालयीन विनोदाला वाहिलेली ‘मोल्सवर्थ इन्स्टिट्यूट’ ही गमतीची संस्थाही त्याचीच. मराठी वाचकाचे कान या नावाने टवकारतील, पण आपल्या कोशकार मोल्सवर्थशी तिचा काही संबंध नाही. तालिका कार्डांचे युग तिकडे रीतसर संपले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये, ओसीएलसी या संस्थेने ग्रंथालयांसाठी शेवटची कार्डे छापली तेव्हा. त्याच्या आधीपासूनच जुनी खणांची कपाटे हौशी लोकांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली होती.

महाराष्ट्रातला वारसाही काही कालचा नाही. रत्नागिरीचे नगर वाचनालय आपले मूळ १८२८ पर्यंत नेते. मग अहमदनगर १८३८, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय म्हणजे ‘सावाना’ १८४०, लोकहितवादींच्या पुढाकाराची पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८, कोल्हापूर १८५०, सोलापूर १८५३ अशी रांग लागते. अहमदनगरात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते आणि तिथूनच १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ निघाला, तेव्हा अमेरिकेचा आणि मराठी छापील कागदाचा संबंध बॉर्डनच्याही आधीचा. या पहिल्या पिढीतल्या संस्थांचा तोंडवळा इंग्रजी होता. साहेबांचा आशीर्वाद, इंग्रजी पुस्तके आणि नव्याने शिकलेली सरकारी नोकरमंडळी असा तो मामला होता.

दुसरी पिढी निराळी. १८९३ मध्ये वि. ल. भावे यांनी ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय काढले आणि १८९८ मध्ये मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. मराठीत छापलेले प्रत्येक पुस्तक आपल्या कपाटात असलेच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. तिसरा टप्पा सरकारचा. १९३९ मध्ये मुंबई सरकारने फैजी समिती नेमली, १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालय कायदा केला आणि १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम आला. अ, ब, क, ड असे वर्ग पडले, अनुदान आले आणि अनुदानाबरोबर तपासणीही आली. संग्राहकाच्या हाताला हा बदल लगेच जाणवतो. कायद्याआधीच्या पावत्या, कार्डे आणि नोंदवह्या एकीसारखी दुसरी नाही. कुणी पावतीवर सरस्वती छापली आहे, कुणी संस्थापकाचा छापा टाकला आहे, कुणी कोऱ्या वहीवर हाताने रकाने आखले आहेत. कायद्यानंतर सगळीकडे ठरावीक नमुने आले. कारभाराला शिस्त लागली हे चांगलेच झाले. संग्राहकाची मात्र निम्मी मजा गेली.

या नादाला लागलेल्यांचे काही पंथ आहेत आणि त्यांचे आपसांत फारसे पटत नाही. चित्रांच्या मागे असणारे पोस्टकार्डे, जुने फोटो आणि टपाल तिकिटे पाहतात. अमेरिकेने १९८२ मध्ये ग्रंथालयांवर तिकीट काढले, आपल्याकडे १९९२ मध्ये ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्यावर निघाले. वस्तूंच्या मागे असणाऱ्यांना खण, घंटा, शिक्के, पितळी नावपट्ट्या हव्या असतात. कागदवाले अहवालांचे वेडे. अहवालाच्या शेवटी बारीक टाइपात छापलेली वर्गणीदारांची यादी ते कादंबरीसारखी वाचतात.

चौथा पंथ खुणा वाचणाऱ्यांचा. या पुस्तकाच्या लेखकाचा कल उघडच याच्याकडे आहे आणि तो योग्य आहे असे वाटते.

एखादे जुने ग्रंथालयीन पुस्तक हातात घेतले तर वाचण्यासारखे किती असते पाहा. मूळ वेष्टन गेलेले, वर बाइंडराचा जाड पुठ्ठा आणि कण्यावर कापडी पट्टी. मुखपृष्ठाच्या आत छापील नियम: पुस्तक किती दिवस ठेवता येईल, विलंबाला दंड किती, पान फाडल्यास काय. शीर्षकपानावर जांभळ्या शाईचा लंबगोल शिक्का, त्यात शाईने भरलेला दाखल अंक. तोच अंक आत कुठेतरी ग्रंथालयाने ठरवलेल्या ‘गुप्त पाना’वर पुन्हा असतो. चोराने पहिले पान फाडले तरी पुस्तक ओळखू यावे, म्हणून ही सोय. शेवटच्या पानावर तारखांची पट्टी. एका उन्हाळ्यात पुस्तक सतत बाहेर, मग बरीच वर्षे शुकशुकाट, मग एकाएकी पुन्हा दोन-तीन तारखा. कादंबरीवर सिनेमा आला होता की ती अभ्यासक्रमाला लागली होती, हे ज्याचे त्याने शोधायचे. समासात वाचकांचे आपसांतले भांडण. रहस्यकथा असेल तर पहिल्याच पानावर खुन्याचे नाव लिहून ठेवणारा एक सत्पुरुष प्रत्येक गावात असतोच.

या खुणा आता परदेशातूनही दिसतात. पी.एल. ४८० या अमेरिकन कायद्याचे नाव काढले की जुन्या माणसांना रेशनचा अमेरिकन गहू आठवतो. त्या गव्हाच्या बदल्यात साठलेल्या रुपयांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसने १९६२ पासून भारतात पुस्तके विकत घेऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांना पाठवायला सुरुवात केली. मराठी पुस्तकेही त्यात गेली. जी पुण्यात मिळत नाहीत, त्यांची स्कॅन केलेली पाने आज अमेरिकन ग्रंथालयाच्या शिक्क्यासह पडद्यावर उघडतात. ठाण्याच्या संग्रहालयाचा ‘स्थळप्रत’ शिक्का असलेली पानेही तशीच घरबसल्या पाहायला मिळतात. ज्याने स्कॅन केले त्याला मजकूर हवा होता; शिक्का आपसूक वाचला.

मराठी ग्रंथालयांच्या कागदांत एक प्रकार असा आहे की त्याला अमेरिकेत जोड सापडणार नाही. तो म्हणजे दिवाळी अंक योजनेचे पत्रक. का. र. मित्र यांच्या ‘मनोरंजन’ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली आणि पुढे सार्वजनिक वाचनालयांपासून गल्लीतल्या भाडोत्री लायब्ऱ्यांपर्यंत सर्वांना दर आश्विनात हंगाम मिळाला. ‘इतके रुपये भरा, इतके महिने हवे तेवढे अंक वाचा’ अशी ही पत्रके वर्तमानपत्रात घालून घरोघर टाकली जायची. एका बाजूला अंकांची यादी, खाली अनामतीची रक्कम, कोपऱ्यात सराफाची किंवा किराणा दुकानाची जाहिरात. मध्यमवर्गाच्या वाचनावर प्रबंध लिहिणाऱ्याला या पत्रकांच्या दहा-वीस वर्षांच्या सलग चळतीपेक्षा भरवशाचे साधन मिळणे कठीण. असली चळत कुठल्याही संस्थेत सहजासहजी मिळत नाही, कारण ती ठेवण्यासारखी कुणाला वाटलीच नाही.

हे कागद महत्त्वाचे का, याचे उत्तर हळहळ नव्हे. आपल्याकडे ग्रंथालयांचा इतिहास लिहिला गेला तो संस्थापक, देणगीदार, इमारत आणि उद्घाटक या चार खांबांवर. शतसंवत्सरी स्मरणिका उघडली की हे चारही फोटोंसकट हजर असतात. वाचक मात्र कुठेच नसतो. पहिल्या वर्गाची वर्गणी कोण भरत होते आणि दुसऱ्या वर्गाची कोण, बायकांची नावे यादीत केव्हापासून दिसू लागतात, कुठल्या आळीतले सभासद अजिबात नाहीत, दाराशी वर्तमानपत्र चाळून जाणाऱ्यांना आत कधी घेतले गेले, हे फक्त वर्गणीच्या खातेवहीत आणि देवघेवीच्या नोंदीत सापडते. दाराबाहेर कोण राहिले हे कुठलीही संस्था अहवालात लिहीत नाही. आडनावांच्या यादीतल्या गैरहजेरीवरून ते ताडावे लागते.

या संदर्भात एका कात्रणाची आठवण अवश्य काढावी. सर फिरोजशहा मेहतांच्या निधनानंतर त्यांच्या पुतळ्याची चर्चा मुंबईत चालली होती. तेव्हा न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात, सयाजीरावांच्याच शिष्यवृत्तीवर, शिकणाऱ्या भीमराव आंबेडकरांनी १९१६ मध्ये ‘बॉम्बे क्रॉनिकल’ला पत्र लिहून स्मारक पुतळ्याऐवजी सार्वजनिक ग्रंथालयाचे असावे असे सुचवले. ते पत्र आज त्यांच्या लेखनसंग्रहात आहे म्हणून आपल्याला वाचता येते. वर्तमानपत्राच्या त्या दिवसाच्या अंकाला मात्र दुसऱ्या दिवशी रद्दीपलीकडे किंमत नव्हती. पुढे त्याच विद्यार्थ्याने दादरला ‘राजगृह’ बांधले ते पुस्तकांच्या हिशेबाने.

जमवण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. राजवाड्यांनी वाड्यावाड्यांतून दप्तरे मिळवली आणि १८९८ मध्ये मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला. दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, दरवाजे, भांडी जमवली आणि अख्खे संग्रहालय राज्य सरकारच्या हवाली केले. अ. का. प्रियोळकरांनी मराठी दोलामुद्रितांचा, म्हणजे छपाईच्या आरंभकाळातल्या पुस्तकांचा, माग काढला. ग्रंथालयांचे कागद या तिन्ही वाटांच्या मधोमध पडले. दप्तरवाल्यांना ते फार अलीकडचे, केळकरांच्या वाटेने जाणाऱ्यांना फार रुक्ष आणि ग्रंथप्रेमींना तर ते ग्रंथच नव्हेत.

आणि आता वेळ कमी आहे. ई-ग्रंथालयसारख्या संगणक प्रणाल्या आल्या, बारकोड चिकटले आणि तालिकांचे खण अडगळ झाले. हे व्हायलाच हवे होते. कार्डे उलटत बसण्यात काही पुण्य नव्हते. पण संगणकावर नोंदी चढवताना शीर्षक, लेखक, किंमत तेवढी चढते. दाखल नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात कुणी ग्रंथपालाने लिहून ठेवलेले ‘अमुक यांच्या स्मरणार्थ’, ‘पुरात भिजले’, ‘सभासद गाव सोडून गेले’ हे गाळले जाते. मग इमारतीचा पुनर्विकास निघतो, माळा रिकामा करायचा असतो आणि टेम्पो दारात उभा असतो. निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून रीतसर काढून टाकण्याचा, नियम पुस्तकांना आहे. नोंदवह्या, कार्डे आणि पत्रके यांना तेवढीही औपचारिकता वाट्याला येत नाही.

अशा विषयावरचे पुस्तक पुण्या-मुंबईऐवजी इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवहून यावे, यात तसे नवल नाही. जुने पळसदेव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले आणि गाव वर येऊन बसले. पाणी खूप उतरले की पळसनाथाचे देऊळ उघडे पडते, मग पुणे-सोलापूर रस्त्यावरून गाड्या वळतात आणि फोटो निघतात. देवळाला साऱ्यांच्या लेखी किंमत आहे. पण उठलेल्या गावातल्या माणसांना ठाऊक असते की हलताना कुठले कागद आधी उचलतात: उतारे, भरपाईच्या नोटिसा, रेशनकार्ड. वाचनालयाचे सभासद कार्ड त्या गाठोड्यात कधीच नसते. याच इंदापूर तालुक्यात १८३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या जमीनमोजणीतून मुंबई इलाख्याच्या नव्या सारापद्धतीचा पाया पडला, आणि आज भिगवणजवळ भादलवाडीला कागदाचा मोठा कारखाना आहे. जमिनीच्या कागदाची आणि कोऱ्या कागदाची इथे कमतरता नाही. उणीव आहे ती मधल्या कागदांची.

लेखकाचा संग्रह मोठा नाही आणि त्याने तसा आवही आणलेला नाही. पुण्याचा जुना बाजार, सोलापूरकडची रद्दीची दुकाने आणि इंदापूर-बारामती पट्ट्यातली लहान वाचनालये एवढे त्याचे क्षेत्र. त्याने केलेले मोलाचे काम म्हणजे प्रत्येक कागदाबरोबर तो कुठे, कशाच्या शेजारी आणि कुठल्या अवस्थेत मिळाला याची नोंद. एकटी पावती मुकी असते. तीच पावती कुठल्या पुस्तकात खूण म्हणून घातलेली होती हे कळले की ती बोलायला लागते. पुस्तकाची मांडणीही त्यामुळे संस्थांच्या किंवा सालांच्या क्रमाने नाही. ती पुस्तकाच्या प्रवासाच्या क्रमाने, म्हणजे दाखल होणे, बाहेर जाणे, उशीर, दंड, बांधणी, गहाळ होणे आणि निर्लेखन अशी आहे. नवख्याला हा क्रम सोयीचा जाईल. जाणकारांनी ‘फलाण्या नामांकित संस्थेचा कागद का नाही’ म्हणून रुसू नये.

एका बाबतीत लेखकाने घेतलेली भूमिका फार कडक वाटेल, पण तिचे समर्थनच करायला हवे. पुस्तकावर ग्रंथालयाचा शिक्का आहे आणि निर्लेखनाची खूण नाही, तर ते पुस्तक बाजारात पैसे मोजून घेतलेले असले तरी त्याने संबंधित ग्रंथालयाला आधी कळवले आहे. काही ठिकाणांहून उत्तर आले, काही ठिकाणांहून नाही आणि काही ग्रंथालये उत्तर द्यायला उरलेलीच नाहीत. शिक्का खरवडून काढलेली पुस्तके तर त्याने घेतलीच नाहीत. तारखेची पट्टी किंवा मुखपृष्ठाच्या आतला नियमांचा कागद सोडवून अल्बमात लावण्याची जी चाल पडते आहे, तिच्यावरही त्याने कोरडे ओढले आहेत. पट्टी पुस्तकात आहे तोवर ती पुरावा असते.

मतभेदाची जागाही आहे. भाडोत्री लायब्ऱ्यांना या पुस्तकात दुय्यम स्थान मिळाले आहे. सार्वजनिक वाचनालयाच्या समितीने ज्या कादंबऱ्या नाकारल्या, त्या लोकांनी या भाडोत्री लायब्ऱ्यांतूनच नेऊन वाचल्या. अर्नाळकरांच्या रहस्यकथांचे आयुष्य अहवालांत शोधून सापडायचे नाही. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानाने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्याही इथे ओझरत्या येतात. त्या पेट्या आता परदेशातल्या मराठी घरांत फिरतात. त्यांच्याबरोबर जाणाऱ्या याद्या आणि वाचकांचे अभिप्राय आत्ताच कुणीतरी एकत्र करायला घेतले, तर बडोद्याच्या पेट्यांबाबत जी पंचाईत झाली ती टळेल.

लेखकाने पुस्तकाच्या शेवटी एक कोरा नमुना जोडला आहे. वस्तू, ठिकाण, कशात सापडली, कुणाकडून मिळाली, मूळ संस्था हयात आहे का, असे त्याचे रकाने आहेत. छायाप्रत काढून तो आपल्या गावच्या वाचनालयाच्या कार्यवाहांकडे न्यावा. रद्दीवाल्याला बोलावण्याआधी नेला तर अधिक बरे, आणि माळ्यावरच्या वह्या उतरवायला मदतही करावी, कारण बहुतेक ठिकाणी ग्रंथपाल एकटाच असतो आणि शिडी शेजारच्या शाळेतून आणावी लागते.